तीनास एक : सकारात्मक मानसशास्त्रातल्या एका आकड्याची पार्श्वभूमी

एकदा चूक दाखवायची असेल तर आधी तीनदा कौतुक करा, हा सल्ला मॅनेजरांच्या ट्रेनिंगमध्ये आणि पालकांच्या कार्यशाळांत आजही ऐकू येतो. त्यामागे २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक शोधनिबंध आहे. त्यातला आकडा नेमका तीन नव्हता, २.९०१३ होता : सुखद आणि दुःखद भावनांचे गुणोत्तर याच्या वर असेल तर माणूस बहरतो, असा दावा होता. चार दशांश स्थळांपर्यंत दिलेल्या या आकड्याने सकारात्मक मानसशास्त्राला, म्हणजे आजारापेक्षा माणसाचे सुख आणि गुण यांचा अभ्यास करणाऱ्या शाखेला, भरपूर प्रसिद्धी मिळवून दिली आणि पुढे त्याच आकड्याने या शाखेची सर्वात मोठी नामुष्कीही ओढवली. या शाखेत काय भक्कम आहे आणि काय कच्चे, हे समजून घ्यायला हे प्रकरण तपशिलात पाहणे सगळ्यात उपयोगाचे.

आधीचा इतिहास थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत परतलेल्या सैनिकांच्या उपचारांसाठी सरकारी पैसा आला आणि मानसशास्त्राचा बहुतेक ओघ आजाराकडे वळला. ‘सकारात्मक मानसशास्त्र’ हे शब्द १९५४ सालच्या एका पुस्तकातल्या प्रकरणाच्या शीर्षकात आले होते. मानवतावादी म्हणवणाऱ्या मंडळींनी माणसाच्या उमलण्याचा विचार तेव्हापासूनच मांडला होता. १९९८ साली अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या अध्यक्षांनी हाच विषय आपल्या कारकिर्दीचा कार्यक्रम म्हणून जाहीर केला. १९६० च्या दशकात कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून ‘शिकलेली असहायता’ (काही केले तरी सुटका नाही असा अनुभव आला की प्रयत्नच सोडून देणे) दाखवून देणाऱ्यांपैकी ते एक. जानेवारी २००० मध्ये संघटनेच्या मुख्य नियतकालिकाचा विशेषांक निघाला, आणि २००४ मध्ये माणसाच्या २४ गुणबलांची ६ सद्गुणांत मांडणी करणारा जाडजूड ग्रंथ. जुन्या मानवतावाद्यांपेक्षा आपण वेगळे कशात, यावर नव्या मंडळींचे उत्तर एकच होते : आम्ही मोजतो. या दाव्यामुळेच २.९०१३ चे वजन एवढे वाढले.

मूळ आकडेवारी कंपन्यांतल्या ६० गटांची. हे गट एका खोलीत व्यवसायाच्या बैठका घेत आणि एकतर्फी काचेपलीकडून निरीक्षक प्रत्येक वाक्याची नोंद करत : पाठिंबा देणारे की नाउमेद करणारे, प्रश्न विचारणारे की आपले म्हणणे रेटणारे, स्वतःविषयी की इतरांविषयी. १५ गट उत्तम कामगिरीचे, २६ मध्यम, १९ कमी कामगिरीचे. पाठिंब्याची आणि विरोधाची वाक्ये यांचे सरासरी गुणोत्तर पहिल्यांत ५.६ च्या आसपास, दुसऱ्यांत १.८५ आणि तिसऱ्यांत ०.३६ निघाले. इथपर्यंत आक्षेप घेण्यासारखे फारसे नाही, फक्त कार्यकारणाची दिशा कळत नाही. ज्यांचे काम चांगले चालले आहे ते एकमेकांशी गोड बोलतील, हेही तितकेच शक्य आहे.

घोटाळा पुढच्या पायरीवर झाला. या नोंदींवर लॉरेंझ समीकरणे बसवली गेली. ही तीन समीकरणे १९६३ साली हवामानशास्त्रात आली. खालून तापवलेल्या द्रवाचे अभिसरण ती अतिशय सोप्या रूपात मांडतात. त्यांत तीन स्थिरांक असतात. पैकी एकाच्या जागी गटातल्या सदस्यांचे परस्परसंबंध दाखवणारे आकडे घातले : उत्तम गटांसाठी ३२, मध्यमसाठी २२, कमीसाठी १८. उरलेल्या दोन जागी १० आणि ८/३ याच किमती ठेवल्या, ज्या हवामानशास्त्रातल्या मूळ निबंधात होत्या. माणसांच्या बैठकीत १० कशाचे आणि ८/३ कशाचे, याचे स्पष्टीकरण कुठेच नव्हते. या दोन किमती धरल्या की समीकरणांची वागणूक पहिल्या स्थिरांकाच्या २४.७३६८ या किमतीपाशी बदलते, आणि तिथून साध्या रूपांतराने २.९०१३ मिळते. म्हणजे हा आकडा माणसांच्या मोजमापातून आलेलाच नाही. तो ४४१ भागिले १५२ आहे, आणि १० ऐवजी दुसरी किंमत धरली तर तोही दुसराच येतो. भावनांचे गुणोत्तर ११.६३४६ च्या वर गेले तर बहर पुन्हा ओसरतो, ही वरची मर्यादाही त्याच गणितातून आलेली.

२००५ च्या निबंधात याला विद्यार्थ्यांच्या नोंदींची जोड दिली गेली. १८८ विद्यार्थ्यांनी २८ दिवस रोज संध्याकाळी त्या दिवशीच्या भावना नोंदवल्या. प्रश्नावलीवरून जे ‘बहरलेले’ ठरले त्यांचे सरासरी गुणोत्तर दोन गटांत ३.२ आणि ३.४ होते, इतरांचे २.३ आणि २.१. दोन्ही सरासऱ्यांच्या मध्ये २.९ बसतो, म्हणून सिद्धांत खरा, असा निष्कर्ष काढला गेला. पण मध्ये तर २.५ ही बसतो आणि ३.० ही. उंबरठा आहे असे म्हणायचे तर त्या आकड्यापाशी काहीतरी अचानक बदलताना दिसायला हवे, आणि तशी तपासणी झालीच नाही.

मोजण्याच्या पद्धतीकडेही जवळून पाहायला हवे. नंतर लोकांसाठी जी स्वचाचणी निघाली, तिच्यात १० सुखद आणि १० दुःखद भावनांना ० ते ४ गुण द्यायचे होते. सुखद भावना २ किंवा अधिक गुण मिळाले तरच मोजायची. दुःखद भावना १ गुणालाही मोजायची. वाईट गोष्ट मनाला जास्त लागते, असे त्यामागचे कारण. हे कारण मान्य केले तरी हिशेब नाजूकच राहतो : दोन्हींना एकच अट लावली की गुणोत्तर लगेच बदलते, आणि ज्या दिवशी एकही दुःखद भावना नाही त्या दिवशी तर छेदात शून्य येतो.

हे सगळे आठ वर्षे छापील राहिले. समीक्षक, संपादक, शेकडो ठिकाणी संदर्भ देणारे अभ्यासक, जवळजवळ कोणीही समीकरणे उलगडून पाहिली नाहीत. ती पाहिली लंडनच्या एका विद्यापीठात अर्धवेळ पदव्युत्तर अभ्यासक्रम करणाऱ्या, आयटीत नोकरी केलेल्या पन्नाशीतल्या विद्यार्थ्याने. वर्गात हा निबंध शिकवला गेला तेव्हा त्याला शंका आली. एक भौतिकशास्त्रज्ञ आणि एक मानसशास्त्रज्ञ यांच्यासह त्याने लिहिलेली चिकित्सा २०१३ मध्ये त्याच नियतकालिकात आली. नियतकालिकाने मूळ निबंधातला गणिती भाग मागे घेतला. पूर्ण निबंध मागे घेतला गेला नाही. मूळ निबंधाच्या सहलेखिकेने गणिताची बाजू मांडली नाही, पण मर्यादेत राहून गुणोत्तर जास्त असलेले बरे, हे मत कायम ठेवले. नियतकालिकाचा निर्णय अपुरा होता. निबंध उभा राहिल्यामुळे ‘तीनास एक’ हा सल्लाही उभा राहिला, आणि कार्यशाळांपर्यंत दुरुस्ती पोहोचलीच नाही.

सुदैवाने या शाखेतला व्यवहाराचा भाग वेगळ्या वाटेने तपासला गेला. ‘तीन चांगल्या गोष्टी’ हा सराव २००५ मध्येच इंटरनेटवरून ५७७ जणांच्या प्रयोगात इतर सरावांबरोबर तपासला. ४११ जण शेवटपर्यंत टिकले. आठवडाभर रोज रात्री त्या दिवशी चांगल्या झालेल्या तीन गोष्टी लिहायच्या आणि प्रत्येकीपुढे ती का घडली ते लिहायचे. तुलनेच्या गटाने लहानपणच्या आठवणी लिहिल्या. कृतज्ञतेचे पत्र लिहून ते समोर जाऊन वाचून दाखवण्याचा परिणाम लगेच आणि मोठा दिसला, पण तीन महिन्यांत विरला. ‘तीन चांगल्या गोष्टी’चा सहा महिन्यांनीही दिसत होता, आणि तो मुख्यतः आठवड्यानंतरही सराव चालू ठेवणाऱ्यांत.

हा सराव फसतो तो दोन ठिकाणी. ‘का’ गाळून नुसती यादी केली की चार दिवसांत तेच तेच येऊ लागते : चहा, कुटुंब, तब्येत. दुसरे म्हणजे सक्ती. सहा आठवड्यांच्या एका जुन्या अभ्यासात आठवड्यातून एकदा कृतज्ञता नोंदवणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा नोंदवणाऱ्यांना झाला नाही. शिवाय परिणामाचा आकारही नीट सांगायला हवा. २००९ मध्ये अशा ५१ प्रयोगांचे एकत्र विश्लेषण झाले तेव्हा सराव आणि सुख यांतला सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण) ०.३ च्या जवळ निघाला होता. छोट्या प्रयोगांमुळे येणारा फुगवटा काढून २०१९ मध्ये पुन्हा मोजला तर तो ०.१ च्या आसपास आला. सरावाचा उपयोग आहे, पण लहान. नैराश्याच्या उपचाराऐवजी हे सराव सुचवणे मात्र धोक्याचे आहे.

सुखाची मोजणी आता सरकारांपर्यंत गेली आहे. २० मार्च हा आंतरराष्ट्रीय आनंद दिवस २०१२ मध्ये ठरला, मध्य प्रदेशात २०१६ मध्ये आनंद विभाग निघाला, दिल्लीच्या सरकारी शाळांत २०१८ मध्ये नर्सरी ते आठवीसाठी आनंदाचा तास सुरू झाला. देशांच्या क्रमवारीसाठी एकच प्रश्न वापरतात : ० ते १० पायऱ्यांच्या शिडीवर तुम्ही आज कुठे आहात? हा प्रश्न आयुष्याचा हिशेब मागतो, कालचा दिवस कसा गेला ते विचारत नाही. दोन्ही उत्तरे वेगळी येतात, आणि पैसा-सुख हा गाजलेला वाद त्यातूनच उभा राहिला.

२०१० मध्ये अमेरिकेतल्या साडेचार लाख उत्तरांवरून असे दिसले की शिडीवरची जागा उत्पन्नाबरोबर वाढत राहते, पण रोजचे सुख वर्षाला सुमारे ७५,००० डॉलरच्या पुढे वाढत नाही. २०२१ मध्ये मोबाइलवर दिवसात अनेकदा विचारून केलेल्या ३३,३९१ जणांच्या अभ्यासात असे सपाटीकरण दिसले नाही. फरक प्रश्नात होता : पहिल्या अभ्यासात ‘हो/नाही’ विचारले होते, दुसऱ्यात सलग पट्टीवर. २०२३ मध्ये दोन्ही बाजूंचे संशोधक एक त्रयस्थ मध्यस्थ घेऊन एकत्र बसले. त्यांनी आकडे पुन्हा उलगडले तेव्हा कळले की सपाटीकरण खरे आहे, पण ते फक्त सर्वात दुःखी १५ ते २० टक्के लोकांत दिसते. त्यांचे दुःख ठरावीक उत्पन्नापर्यंत कमी होते, पुढे पैशाने हटत नाही. बाकीच्यांचे सुख मात्र उत्पन्नाबरोबर वाढत राहते.