रफूच्या जागी कापड ताणत नाही

सोलापूरच्या पूर्व भागात एका बचत गटापुढं बायकांच्या आरोग्याबद्दल बोलत होते. समोर पंधरा-वीस जणी; काही विड्या वळणाऱ्या, काही टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या. विषय निघाला तसे पदर तोंडाशी गेले. मग मागून प्रश्न आला, "पोरींची बी सुंता करत्यात व्हय, मॅडम?"

करतात. युनिसेफच्या २०२४ च्या अंदाजानुसार आज हयात असलेल्या २३ कोटींहून जास्त मुली-बायका यातून गेल्या आहेत. आफ्रिकेत सर्वांत जास्त, पण आशियातही ८ कोटी. आपल्याकडे दाऊदी बोहरा समाजातल्या काही घरांत साधारण सातव्या वर्षी 'खतना' होतो. त्याविरुद्ध आधी बोलल्या त्या त्याच समाजातल्या बायका. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये हे प्रकरण मोठ्या खंडपीठाकडं सोपवलं.

कुठं शिश्निकेवरची, म्हणजे क्लिटोरिसवरची कातडी किंवा टोक कापतात, कुठं योनीमुखाच्या आतल्या पाकळ्याही काढतात. सोमालिया, सुदान भागात तर दोन्ही कडा जोडून योनीची वाट जवळपास बंदच करतात, लघवी आणि पाळीपुरतं बारीक भोक ठेवून. यातल्या कशाचाही आरोग्याला काडीचा फायदा नाही.

शिश्निका बाहेरून वाटाण्याएवढी दिसते. बाकीची बरीचशी आत पसरलेली असते. हे नीट दाखवून दिलं ऑस्ट्रेलियाच्या हेलन ओ'कॉनेल यांनी, १९९८ साली. शरीरशास्त्राच्या पुस्तकांना एवढा उशीर का झाला, ते बायकांना वेगळं सांगावं लागत नाही. तिथं जाणाऱ्या मुख्य नसांमधले तंतू माणसात मोजले गेले तेही २०२२ मध्ये: १० हजारांहून जास्त. इतक्या नाजूक जागी पातं फिरतं, बहुतेकदा भूल न देता. भळाभळा रक्त जातं, धनुर्वात होऊ शकतो, आग होते म्हणून पोर लघवी दाबून धरते.

पण मला बोलायचं होतं ते जखम भरल्यानंतरचं. घरच्यांना वाटतं, खपली पडली, संपलं.

तसं होत नाही. कापलेल्या नसांची टोकं वेडीवाकडी वाढून गाठ धरतात. मग कपडा घासला तरी कळ येते. टाक्यांत कातडीच्या पेशी अडकल्या तर त्या आतल्या आत वाढत राहतात आणि वर्षांनी तिथं गळू दिसतं. वाट बंद केलेली असेल तर लघवी थेंब थेंब होते, कातडीमागं साचते, जंतू वाढतात. पाळीचं रक्तही अडतं.

आणि व्रण. साध्या कातडीत कोलॅजेन या प्रथिनाचे धागे टोपलीच्या विणीसारखे उलटसुलट असतात, म्हणून ती ताणते. व्रणात ते एकाच दिशेला घट्ट बसतात. हे सांगत होते तेवढ्यात शिवणारी एक जण म्हणाली, "बनियनला रफू केलं की तेवढी जागा ताणत न्हाई. वढलं की रफूच्या कडंनं फाटतंय."

बाळंतपणात हेच होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं सहा आफ्रिकी देशांतल्या २८,३९३ बाळंतिणींची पाहणी केली, ती २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. वाट बंद केलेल्या बायकांत बाळंतपणानंतर जास्त रक्त जाण्याचा धोका सुमारे ७० टक्क्यांनी जास्त निघाला. मूल पोटातच किंवा जन्मल्या जन्मल्या दगावण्याचा धोका ५५ टक्क्यांनी. सर्वांत 'हलक्या' प्रकारातही तो १५ टक्के जास्तच होता. 'जरासंच तर कापतात' म्हणणाऱ्यांपुढं मी हा शेवटचा आकडा ठेवते.

"मग त्या बाळंत होत्यात तरी कशा?"

उसवून. बंद केलेली जागा बाळंतपणाआधी किंवा कळा सुरू झाल्यावर भूल देऊन उघडतात. ही छोटी शस्त्रक्रिया आहे आणि तिनं मोठा फरक पडतो.

रफूवाली जरा थांबून म्हणाली, "आन् मग परत शिवत न्हाईत ना?"

शिवतात. सुदाननं २०२० मध्ये मुलींची सुंता गुन्हा ठरवली. पण तिथं बाळंतपणानंतर पुन्हा टाके घालून पहिल्यासारखं बंद करण्याची रीत जुनी आहे, आणि ते टाके बहुतेकदा सुईणच घालते.