सातबारा नाही, पगारपत्रकही नाही

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि पहिला कलेक्टर कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळ्याला मुख्य ठाणे केले. तेव्हा धुळे लहानसे गाव होते. वस्ती वाढावी म्हणून १८१९ पासून दूरदूरचे कारागीर बोलावले गेले. घरासाठी जागा कायमची बिनभाड्याने दिली आणि पक्के घर बांधायला सरकारातून उचलही मिळाली. जुन्या रहिवाशाला मिळाली, परक्यालाही मिळाली. हाताच्या कसबावर जगणारा माणूस शहरात राहायचा असेल तर आधी त्याच्या डोक्यावर छप्पर हवे, हे त्या वेळच्या राज्यकर्त्यांना उमगले होते.

आज त्याच धुळ्यात, जळगावात किंवा नंदुरबारमध्ये तिशीच्या आतला चित्रकार, अहिराणी गाण्यांचा गायक, ढोलकीवाला, नेपथ्य करणारा मुलगा प्लॉट बघायला जातो तेव्हा किमतीचा आकडा ऐकूनच मागे फिरतो. पण किंमत हा अडचणीचा एक भाग झाला. गेल्या पाऊणशे वर्षांत जमीन आणि कर्ज यांची जी व्यवस्था उभी राहिली, तिला दोनच माणसे ओळखू येतात: सातबारा असलेला शेतकरी आणि पगारपत्रक असलेला नोकरदार. कलावंत या दोन्हींत बसत नाही.

गावगाड्यात कलेचे काम करणाऱ्याला जागा होती. गुरव देवळात वाजवायचा, गोंधळी, भाट, जोशी सुगीला आपला वाटा घ्यायचे. काहींकडे इनामाची जमीन होती, पण बहुतेकांचे राहते घर गावाच्या मर्जीवर असे आणि कागद नसे. स्वातंत्र्यानंतर इनामे-वतने रद्द झाली. ते योग्यच झाले, कारण त्या गाड्यात जातीचा जाच होता आणि त्याची आठवण काढून हळहळण्यासारखे काही नाही. मात्र जमीन कसणाऱ्याच्या नावावर गेली आणि गाणारा-वाजवणारा भूमिहीनच राहिला. त्यातच १९४८च्या कुळकायद्याच्या कलम ६३ने शेतजमीन विकत घ्यायची मुभा शेतकरी वा शेतमजुरापुरती ठेवली. वर्षातले कित्येक महिने फडाबरोबर फिरणाऱ्या तमाशा कलावंताला किंवा रात्र रात्र वहीगायन (खानदेशी लोकगायनाचा एक प्रकार) करणाऱ्याला गावाकडे स्वस्त रान घेऊन ठेवावे म्हटले, तरी पूर्वजांचा सातबारा नसेल तर ते कायद्याने शक्य नव्हते.

ज्यांना घर वारशाने मिळाले ते तरले. चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) यांनी शिक्षणानंतरचे सगळे आयुष्य आई-वडिलांच्या दगडी बंगल्यात काढले, क्वचितच घराबाहेर पाऊल टाकले आणि टेबलावर मांडलेल्या साध्या वस्तूंमधून जगाने दखल घ्यावी अशी छायाचित्रे केली. त्या कामाचे श्रेय त्यांच्या प्रतिभेचे, यात शंका नाही. पण दर अकरा महिन्यांनी भाडेकरार बदलत त्यांना खोल्या शोधाव्या लागल्या असत्या, तर ती एकाग्रता टिकली असती का?

वारसा नसलेल्यांसाठी खानदेशात एकच खरी वाट होती: कलाशिक्षकाची नोकरी. दहावी-बारावीनंतर ए.टी.डी. ही कलाशिक्षकाची पदविका करायची आणि एखाद्या संस्थेच्या हायस्कुलात चिकटायचे. मग पगारातून सोसायटीचे कर्ज काढून शिक्षकांच्या वसाहतीत प्लॉट घ्यायचा. १९६०च्या सहकार कायद्यानंतर शिक्षक, बँक कर्मचारी, टपाल खाते, वीज मंडळ, सगळ्यांच्या गृहनिर्माण संस्था निघाल्या आणि धुळ्याचे देवपूर, जळगावचा विस्तार अशा कॉलन्यांनी भरत गेला. तिथल्या कितीतरी घरांच्या माळ्यावर रंगांचे डबे आणि कॅनव्हास सापडतील. दिवसा शाळा आणि रात्री चित्र, असे आयुष्य काढलेल्या त्या पिढीने खानदेशातली चित्रकला जगवली, असे मला मनापासून वाटते.

ही वाट हळूहळू बंद झाली. शिक्षण हक्क कायद्याने (२००९) शंभराहून अधिक मुलांच्या उच्च प्राथमिक वर्गांसाठी कलेला अंशकालीन निदेशक पुरेसा मानला. पूर्णवेळ जागा भरणे थंडावले, निवृत्त झालेल्या ड्रॉइंगच्या सरांच्या जागी तासिकेवर किंवा मानधनावर माणूस येऊ लागला. तासिकेच्या पैशांवर कुणी कर्ज देत नाही. एका सरकारी धोरणाने चित्रकाराचे घर गेले, हे कुठल्याच गृहनिर्माण अहवालात नोंदले जात नाही, कारण ते धोरण शिक्षण खात्याचे होते.

मुंबईत १९६०च्या दशकात वांद्रे पूर्वेला कलावंतांचे कलानगर आणि लेखकांचा साहित्य सहवास या वसाहती उभ्या राहिल्या. खानदेशाने १९४४ला धुळ्यात, १९५२ला अमळनेरला, १९८४ला जळगावात आणि २०२४ला पुन्हा अमळनेरला साहित्य संमेलन भरवले, मांडवात कलावंतांचा सन्मान केला, पण अशा वसाहतीचा विचार इथे झाला नाही.

आता बँकेकडे वळू. वीस लाखांचे कर्ज, नऊ टक्के व्याज, वीस वर्षांची मुदत धरली तर हप्ता महिना १८ हजारांच्या घरात जातो. तो बारा महिने द्यावा लागतो. बॅण्डच्या गायकाला सुपाऱ्या मिळतात लगीनसराईत. चातुर्मासात मुहूर्त नसतात, तेव्हा हातात काही नसते. वर्षाची कमाई कदाचित एखाद्या कारकुनाएवढी भरेल, पण ती चार-पाच महिन्यांत आणि बहुतेक रोखीत येते. बँक दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे मागते, आणि ज्याच्या घरात आजवर कुणी विवरणपत्र भरलेले नाही त्याला हे कळते ते अर्ज नाकारल्यावर. यूट्यूबवर अहिराणी गाण्यांना लाखो प्रेक्षक मिळू लागल्यापासून काहींच्या खात्यात पैसे दिसायला लागले आहेत, पण तेही महिन्यामहिन्याला चढउतार करणारे.

सरकारी घरांची गोष्ट आणखी जिव्हारी लागणारी आहे. म्हाडाच्या सोडतीत कलाकारांसाठी दोन टक्के घरे राखीव असतात. खानदेश म्हाडाच्या नाशिक मंडळात येतो. मोठ्या खासगी प्रकल्पात वीस टक्के घरे दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवण्याचा नियम मात्र दहा लाखांहून मोठ्या शहरांना लागू होतो. २०११च्या जनगणनेत जळगाव होते सुमारे ४.६० लाखांचे, धुळे ३.७५ लाखांचे. त्यामुळे त्या नियमातून निघणारी घरे नाशिक शहरात असतात, आणि पारोळ्याच्या ढोलकीवाल्याला राखीव कोट्यातून घर लागलेच तर ते त्याच्या सुपाऱ्यांपासून जवळपास दोनशे किलोमीटर दूर.

जळगावने स्वतःहून एक मोठा प्रयत्न केला होता. १९९०च्या दशकात नगरपालिकेने सुमारे अकरा हजार घरकुलांची योजना आखली. त्यातली थोडीच पूर्ण झाली, बाकीचे सांगाडे वर्षानुवर्षे उभे राहिले. २०१९ मध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयाने या योजनेतल्या गैरव्यवहाराच्या प्रकरणात ४८ जणांना दोषी ठरवले. निकालाची चर्चा खूप झाली. न झालेल्या घरांची फार कमी. ती घरे बांधली गेली असती तर आज पुनर्विक्रीच्या बाजारात आली असती, आणि पहिले घर घेणाऱ्याला परवडेल अशी खालची पायरी शहरात तयार झाली असती. स्टेशनजवळची खानदेश मिल बंद पडली, तिच्या जागेवरही व्यापारी संकुल आले.

वरचा बाजार मात्र वाढत राहिला. सोने, केळी, कापूस, डाळ यांतला पैसा जळगावात प्लॉटमध्ये मुरतो. पुण्या-मुंबईला नोकरी करणारी मुले गावाकडे गुंतवणूक म्हणून प्लॉट घेऊन ठेवतात. महामार्ग चौपदरी झाले तसे शहराबाहेरच्या एनए (बिनशेती) लेआउटचे फलक दूरवर सरकले. यात कुणाचा दुष्टावा नाही, पण रिकाम्या प्लॉटांनी भरलेल्या लेआउटशेजारी भाड्याच्या खोलीत राहणारा कलावंत हे चित्र मला अस्वस्थ करते.

मग उरतो गुंठा. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. १९४७च्या तुकडेबंदी कायद्याने शेतीचे एवढे लहान तुकडे विकता येत नव्हते, म्हणून व्यवहार नोटरीच्या कागदावर झाले. साठवलेल्या पैशांत, सोने मोडून, असा गुंठा घेणाऱ्यांत रिक्षावाले आहेत, हमाल आहेत आणि वाद्यवृंदातली मुलेही आहेत. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून बांधकामाला कर्ज नाही. दोन खोल्यांवर पत्रे टाकून राहायचे. २०२५ मध्ये राज्य सरकारने निवासी क्षेत्रातले असे जुने तुकडे नियमित करण्याचा निर्णय घेतला. खानदेशातल्या तरुण कलावंतासाठी गेल्या अनेक वर्षांतली ही सगळ्यात कामाची गोष्ट आहे. नोटरीवर घेतलेल्या गुंठ्याचा दस्त मात्र मुद्रांक शुल्क भरून नोंदवावा लागतो, आणि विकणारा शेतकरी वारला असेल तर आधी त्याच्या सगळ्या वारसांच्या सह्या गोळा कराव्या लागतात. त्यानंतर सातबाऱ्यावर नाव चढते आणि मगच बँक अर्ज हातात घेते.