कॉमिक्ससाठी डबा कुठला ते नंतर बघू, आधी तो बंद कधी करायचा ते ठरवा

जून लागला की कोकणात घरोघरी मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, आणि त्यामागे एक ठरलेला आकडा आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्यातच विरघळायला लागतं. बुरशीला एवढीही आर्द्रता लागत नाही, ६५-७० च्या पुढे ती कागदावर आरामात धरते. म्हणजे बरणीतलं मीठ चिकट व्हायला लागलं तेव्हा कपाटातल्या कॉमिक्सवर बुरशीचं काम आधीच सुरू झालंय असं धरून चाला.

त्यात जुन्या कॉमिक्सचा कागद मुळातच नाजूक. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ते १९९० या काळात निघत होती, आपल्याकडे कित्येकांच्या माळ्यावर वेताळाचे (म्हणजे फँटमचे) मराठी अंक अजून पडलेत, आणि तो जमाना स्वस्त कागदाचा होता. असा कागद करताना लाकूड नुसतं दळून लगदा करतात, त्यामुळे लाकडातलं लिग्निन कागदातच राहतं, उजेड आणि हवा लागली की ते पिवळं पडतं. शिवाय कागदात आम्ल तयार होत राहतं आणि कागदाचे धागे ज्याचे बनलेले असतात त्या सेल्युलोजच्या लांब साखळ्या ते तोडतं, मग घडीवर बोट ठेवलं की तुकडाच हातात येतो. आता यातली मेख अशी की साखळी तोडण्याच्या या रासायनिक क्रियेत पाणी खर्च होतं, त्यामुळे दमट हवेत बुरशी नाही आली तरी कागद आतून म्हातारा होतच असतो.

नेटवर शोधलं की सल्ला मिळतो तो बहुतेक अमेरिकेतल्या कलेक्टर लोकांचा, आम्लमुक्त पुठ्ठ्याचा लांब बॉक्स घ्या म्हणून. सल्ला चुकीचा नाही, पण तो कोरड्या घरांसाठी आहे. या पुठ्ठ्यात कॅल्शियम कार्बोनेट घातलेलं असतं, ते आम्ल शोषून घेतं, आणि पुठ्ठ्यातून हवा खेळते म्हणून आत कोंदट होत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात खेळणारी हवाच ८५-९० टक्के ओली, ती आत खेळून काय करणार? पुठ्ठा मऊ पडतो, तळ बसतो, वर वाळवीला आयतं जेवण. किराणा दुकानातून आणलेला साधा खोका तर अजिबात नको, तो स्वतःच आम्ल सोडतो. पत्र्याची ट्रंक खाऱ्या हवेत गंजते, आणि रात्री पत्रा गार झाला की आतून दव धरतं ते वेगळंच.

म्हणून माझं मत प्लॅस्टिकच्या बाजूने, झाकणाला रबराची रिंग आणि चारी बाजूंना क्लिपा असलेला डबा. तळाशी त्रिकोणात आकडा असतो तो बघून घ्या. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, २ म्हणजे जाड पॉलिथिन, दोन्ही चालतात. ३ म्हणजे पीव्हीसी, ते कितीही स्वस्त मिळालं तरी नको, ते मऊ राहावं म्हणून घातलेली रसायनं हळूहळू बाहेर येतात आणि जुनं झालं की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटते. एकेक अंक ठेवायच्या पिशव्यांनाही हाच नियम, नवीन रेनकोटसारखा वास मारणारी पिशवी असेल तर ती परत करा.

पण डबा म्हणजे काही जादू नाही, आणि इथेच बहुतेक जण फसतात. पन्नास लिटरच्या डब्यातली हवा ३० अंशाला पूर्ण ओली असली तरी तिच्यात पाणी असतं दीड ग्रॅम, फक्त दीड! आणि त्याच डब्यात दहा किलो कॉमिक्स भरली तर? ५० टक्के आर्द्रतेत ठेवलेल्या कागदात वजनाच्या साधारण ७-८ टक्के पाणी असतं, भर पावसात ते १२ च्याही वर जातं. म्हणजे जुलैत डबा भरून क्लिपा लावल्या तर तुम्ही जवळपास अर्धा लिटर जादा पाणी कागदातच कोंडून ठेवलं. त्यावर ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून काही होत नाही, सिलिका जेल आपल्या वजनाच्या फार तर एक तृतीयांश पाणी धरतं, पन्नास ग्रॅमची पुडी पंधरा-सोळा ग्रॅमवर दम टाकते. उलट कागद कोरडा असताना बंद केलेला डबा स्वतःच आर्द्रता सांभाळतो, रिंगेतून थोडीफार ओल आत शिरली तरी कागदाच्या एवढ्या मोठ्या साठ्यात ती जाणवत नाही, आणि मग तीच पुडी पावसाळाभर पुरते.

हे सगळं आगोटीसारखंच, पापड-सुकट पाऊस यायच्या आत डब्यात गेली पाहिजेत. फक्त एक फरक आहे, मे महिना कॉमिक्ससाठी उशिराचा. मेमध्ये ऊन कडक असलं तरी समुद्रावरून येणारी हवा चिकट झालेली असते. आपल्याकडे खरी कोरडी हवा डिसेंबर ते फेब्रुवारी, त्यातही दुपारची. तेव्हा अंक काढा, सावलीत पंख्याखाली काही दिवस उभे उघडे ठेवा आणि दुपारीच डबा बंद करा. उन्हात मात्र वाळत घालू नका, आजीने लोणच्याच्या फोडी घातल्या म्हणून आपण कॉमिक्स घालायची नाहीत, उन्हातल्या अतिनील किरणांनी तेच लिग्निन झपाट्याने पिवळं पडतं.

डब्यात एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचा मीटर, टाकून ठेवा, काहीशे रुपयांत मिळतो. स्वस्तातले खोटंही बोलतात, पण ते तपासायला परत मीठच कामाला येतं. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, चिखलासारखं होईल इतकंच पाणी घाला, ते आणि मीटर एका झिपवाल्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दिसायला हवं. ७० दिसलं तर तुमचा मीटर पाच कमी दाखवतो, तेवढं मनात धरून चला. डब्यात ४० ते ५५ च्या मध्ये आकडा राहिला तर उत्तम, ६० च्या वर गेला की पुडी बदला. निळी सिलिका ओली झाली की गुलाबी होते, पण तिच्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, घरात लहान मुलं असतील तर केशरी घ्या. १२० अंशाच्या आसपास ओव्हनमध्ये तापवली की ती परत वापरता येते.

डबा चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला टेकवून नको आणि थेट जमिनीवर तर नकोच, खाली दोन पट्ट्या द्या. अंक उभे ठेवा, पण तिरके पडतील इतके सैल नाहीत आणि ओढून काढावे लागतील इतके घट्टही नाहीत. पिनांना गंज चढलेला असेल तर त्या आधी काढा, खारट हवेत तो गंज कागदात उतरतो आणि मग डाग जात नाही.

डांबराच्या गोळ्यांचं काय, हा प्रश्न येतोच. माझ्या मते नको. नॅफ्थलीनची वाफ कागदावर बसते, काही प्लॅस्टिक मऊ पडतात, आणि बंद खोलीत ती श्वासात जाणं माणसालाही चांगलं नाही. कसर मुळात ओलीच्या मागे येते, डबा कोरडा असेल तर ती फारशी टिकत नाही. आधीच लागली असेल तर अंक पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशाला ठेवा, अळ्या आणि अंडी दोन्ही मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडू नका, खोलीच्या तापमानाला येईपर्यंत एक दिवस तशीच राहू द्या, नाहीतर गार कागदावर दव धरेल. आणि फ्रीजरमध्ये बांगडा माशांच्या शेजारी ठेवणार असाल तर पिशव्या दोन घाला.