शुगर लो की शुगर हाय? उन्हाळ्यातला हमखास घोळ

डायबिटीस असलेला माणूस शेताच्या बांधावर नाहीतर एसटी स्टँडवर गळून बसला, की चार जण गोळा होतात आणि त्यातला एक ठासून सांगतो, "त्यास्ले शुगर शे, गोड दिऊ नका!" हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. नेमकं त्याच घडीला त्याला गोड हवं असू शकतं.

शुगर चढणं म्हणजे काय, हे घराघरात पाठ आहे. तहान, सारखी लघवी, कोरडं तोंड, अंधुक दिसणं, थकवा. अखजीला (अक्षय्य तृतीयेला) आमरस-पुरणपोळी झाली की मीटर तीनशे दाखवतो आणि नाना ओट्यावर बसून निवांत गप्पा मारत असतात. उलट्या, पोटात दुखणं, जोरजोरात श्वास किंवा गुंगी दिसली तर मात्र थेट दवाखाना. आणि उलट्या होतात, जेवण जात नाही म्हणून इन्सुलिन स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही. चढण्याबद्दल एवढं पुरे.

घोळ होतो तो उतरण्यात. शुगर चढून त्रास व्हायला बहुधा काही तास, कधी दिवस लागतात. उतरते ती मिनिटांत. ७०च्या खाली गेली की हात थरथरतात, छाती धडधडते, दरदरून घाम फुटतो, पोटात भुकेचा खड्डा पडतो. पुढे जीभ अडखळते, माणूस उगाच चिडतो, दारू प्यायल्यासारखा बरळतो. एरवी घाम बघून ओळखता येतं, पण मे महिन्यात भुसावळला पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना घाम कुणाला नसतो? मग "ऊन लागनं" म्हणून सावलीत निजवतात, कांदा हुंगवतात. बरं, उन्हाने थकलेल्याचं अंगही गार आणि चिकट लागू शकतं, त्यामुळे हात लावून निदान करायच्या फंदात पडू नका.

त्यापेक्षा विचारा: गोळी किंवा इन्सुलिन कधी घेतलं, आणि त्यानंतर पोटात काय गेलं? सकाळी ग्लिमेपिराइड ही शुगर उतरवणारी गोळी घेऊन, नुसत्या चहावर कपाशी निंदायला गेलेला माणूस अकराला थरथरत असेल, तर ते ऊन नसून लो असण्याचीच शक्यता जास्त. चतुर्थी-एकादशीला उपास धरून गोळी मात्र नेहमीचीच घेणाऱ्यांचंही हेच होतं. नुसत्या मेटफॉर्मिन या डायबिटीसच्या गोळीवर असलेल्याची शुगर अशी सहसा कोसळत नाही.

मीटर असेल तर बोट टोचा. नसेल आणि माणूस शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल, तर गोड द्या. शुगर हाय निघालीच तर तीन चमचे साखरेने ती थोडी आणखी वाढेल. लो असून दिलं नाही तर झटके येतील, शुद्ध जाईल. हा सौदा इतका सरळ असताना लोक वाद घालत बसतात!

द्यायचं काय? तीन चहाचे चमचे साखर पाण्यात ढवळून. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, उतरलेलीच असेल तर पुन्हा तेवढीच. पेढा नको, त्यातलं तूप-खवा साखर रक्तात जायला उशीर लावतं. केळी आपल्याकडे हाताशी असतात, पण ती नंतर, भाकरीबरोबर. ओआरएसवर तर मुळीच विसंबू नका. ते उन्हासाठी उत्तम, पण लिटरभरात ग्लुकोज साडेतेरा ग्रॅम, म्हणजे पेलाभर पाजलं तरी तीन ग्रॅमसुद्धा होत नाही. व्होग्लिबोस ही डायबिटीसची गोळी घेणाऱ्याला साधी साखर सावकाश लागू पडते; त्याच्या खिशात ग्लुकोज पावडरच हवी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात थेंबही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ लावा.

ग्लिमेपिराइडवाल्याला तरतरी आली म्हणून एकट्याला घरी पाठवू नका. गोळीचा असर बराच वेळ राहतो, शुगर पुन्हा खाली येऊ शकते, वय झालेलं आणि किडनी अधू असेल तर जास्तच. डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा.

आणि आमरस खायचा म्हणून त्या दिवशी आपल्या मनाने दीड गोळी घेणारे बापू-आबा प्रत्येक गल्लीत आहेत. रस वाटीभर कमी प्या, गोळी लिहून दिलीय तेवढीच घ्या.