एक्सएलडीवरचा लाल आणि एसएसवरचा लाल

दिवाळीच्या तोंडावर भूम-कुंथलगिरीकडचा खवा तपासायला येऊ लागला की आमच्या प्रयोगशाळेत नव्या मुलांची एक चूक ठरलेली. साल्मोनेला या रोगजंतूसाठी लावलेल्या दोन प्लेटी, एक एक्सएलडीची, एक एसएसची (ही जंतू वाढवायची दोन माध्यमं), चोवीस तासांनी इनक्युबेटरमधून निघतात. दोन्हींवर लाल कॉलन्या, म्हणजे जंतूंच्या वसाहती. "सर, दोन्हीकडे संशयित!" पण संशय फक्त एक्सएलडीवरच्या लाल कॉलनीचा घ्यायचा.

एक्सएलडीत फिनॉल रेड हे रंगद्रव्य असतं, ते आम्लात पिवळं पडतं. एसएसमध्ये न्यूट्रल रेड, ते आम्लात लाल होतं. लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, खाऊन आम्ल करणारा ई. कोलाय हा आतड्यातला जंतू त्यामुळे एक्सएलडीवर पिवळा दिसतो आणि एसएसवर लाल. साल्मोनेलाला सहसा लॅक्टोज पचत नाही, तो एसएसवर बिनरंगी राहतो.

मग एक्सएलडीवर तो लाल का? तिथे झायलोज ही साखरही असते, आणि ती तो खातो, म्हणजे आधी आम्लच करतो. पण झायलोज बेताचीच घातलेली असते, लिटरला साधारण ३.५ ग्रॅम. ती संपली की साल्मोनेला लायसिन हा प्रथिनांचा घटक फोडायला लागतो, त्यातून होणाऱ्या अल्कलीने आम्ल मारलं जातं, कॉलनी पुन्हा लाल. लायसिन ई. कोलायही फोडतो, पण लॅक्टोज-सुक्रोजचं आम्ल इतकं होतं की लायसिन फोडून काही चालत नाही. वेल्टन टेलर या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये मांडलेली ही रचना मला आजही फार देखणी वाटते. शिगेला हा हगवणीचा जंतू झायलोजला सहसा हातच लावत नाही, म्हणून तो पहिल्यापासून लाल.

एसएस जास्त कडक आहे. पित्तक्षारांचा मारा एवढा की शिगेलाचे काही प्रकारही त्यात दबतात. शिगेला शोधताना एकट्या एसएसवर विसंबू नका. ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेच्या भांड्यात) मात्र दोन्ही माध्यमं घालायची नाहीत, फक्त उकळायची.

साल्मोनेलाच्या कॉलनीत मधोमध काळा ठिपका दोन्हींवर येतो, कारण थायोसल्फेट आणि लोह दोन्हींत आहे: थायोसल्फेटपासून जंतू गंधकाचा वायू करतो आणि लोहाशी मिळून तो काळा पडतो. खरा घोळ प्रोटियस या दुसऱ्या जंतूचा. एसएसवर तो बिनरंगी, मधोमध काळा, हुबेहूब साल्मोनेला. एक्सएलडीवर लायसिन फोडता येत नसल्यामुळे बहुतेकदा पिवळाच राहतो. म्हणून आधी एक्सएलडी बघा. खव्यात २५ ग्रॅममध्ये एकही साल्मोनेला चालत नाही, तेव्हा नुसत्या ठिपक्यावरून कुणाचा माल बाद ठरवणं बरोबर नाही. रजिस्टरमध्ये 'संशयित' एवढंच लिहा आणि कॉलनी युरियाच्या नळीत लावा; युरिया प्रोटियस फोडतो, साल्मोनेला नाही. नळी गडद गुलाबी झाली तर तो बहुधा प्रोटियसच.