चित्र आहे, आवाज नाही

गेल्या दिवाळीत मावसभावाने त्याच्या जुन्या हँडीकॅमवरचं बहिणीच्या हळदीचं शूटिंग पेन ड्राइव्हवर भरून आणलं. नव्या टीव्हीला लावलं. वडीलधारी सोफ्यावर, बाकीचे सतरंजीवर. चित्र झकास, पण आवाज नाही. टीव्हीने कोपऱ्यात एक ओळ दाखवली: या फाइलचा ऑडिओ चालत नाही. भाच्याने पेन ड्राइव्ह काढून त्याच्या जुनाट लॅपटॉपला लावला, नारिंगी शंकूवर क्लिक केलं आणि सनई वाजू लागली.

पन्नास हजारांच्या टीव्हीला जे जमलं नाही ते फुकटच्या व्हीएलसीला, म्हणजे त्या शंकूवाल्या व्हिडिओ प्लेअरला, कसं जमलं, हा प्रश्न सासऱ्यांनी विचारला. मी तिथे दिलेलं उत्तर घाईचं होतं. नीट उत्तर हे असं.

व्हीएलसीत फाइल चालू असताना कंट्रोल आणि जे दाबलं की फाइलचं पोट उघडं पडतं. आमच्या फाइलमध्ये चित्र एच.264 पद्धतीचं होतं, तर आवाज एसी-3, म्हणजे डॉल्बी डिजिटल. आपण ज्याला एमपी4 किंवा एमकेव्ही म्हणतो तो नुसता डबा. एका कप्प्यात चित्र, एकात आवाज, एखाद्यात सबटायटल. डबा ओळखता आला म्हणजे आतला पदार्थ खाता येतोच असं नाही. तो पदार्थ शिजवायची आणि उलगडायची रीत म्हणजे कोडेक.

शिजवायचं मुळात कशाला? हिशोब करून पाहा. फुल एचडीच्या एका फ्रेममध्ये 1920 गुणिले 1080, म्हणजे 20,73,600 ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला तीन बाइट धरले तर एक फ्रेम साधारण 6.2 एमबीची. सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे 155 एमबी. तासाभराची हळद सुमारे 560 जीबी! हँडीकॅमने तीच सात-आठ जीबीत बसवली होती.

ही करामत म्हणजे बरीचशी पद्धतशीर लबाडी आहे. मांडव जागचा हलत नाही, मग तो प्रत्येक फ्रेममध्ये पुन्हा का लिहायचा? एक फ्रेम पूर्ण साठवायची आणि पुढच्यांत फक्त फरक नोंदवायचा: हा चौकोन सात ठिपके उजवीकडे सरकला, तो तसाच राहिला. काही फ्रेम तर मागची आणि पुढची अशा दोन्हींवरून बांधल्या जातात, त्यामुळे प्लेअरला पुढची फ्रेम आधी उलगडावी लागते. उरलेल्या चौकोनांचं गणिताने लहरींत रूपांतर करायचं आणि डोळ्याला जाणवत नाही तो बारीक तपशील चक्क टाकून द्यायचा.

उलगडणाऱ्याला मात्र हे सगळं उलट क्रमाने, फ्रेममागे 40 मिलिसेकंदांत करावं लागतं. आवाज मागेपुढे होऊन चालत नाही. म्हणून या क्षेत्रात अजूनही माणसं हाताने असेंब्ली लिहितात, प्रोसेसरला समजेल अशा अगदी तळाच्या भाषेत, एकेका सूचनेची काटकसर करत. एव्ही1 हा नवा कोडेक 2018 मध्ये आला तेव्हा तो चालवायला साध्या संगणकांना धाप लागत होती. व्हीएलसीच्याच मंडळींनी त्यासाठी डेव्हिड नावाचा डीकोडर, म्हणजे उलगडणारा प्रोग्राम, लिहायला घेतला आणि हातच्या असेंब्लीच्या जोरावर जुन्या यंत्रांतही तो पळवून दाखवला.

ही मंडळी कोण? 1996 मध्ये पॅरिसच्या एकोल सांत्राल या अभियांत्रिकी कॉलेजातल्या मुलांना वसतिगृहाचं नेटवर्क वेगवान हवं होतं. कारण, खरं सांगायचं तर, गेम. पण गेमसाठी पैसे कोण देणार? मग उपग्रहावरून आलेला टीव्ही नेटवर्कवरून खोल्याखोल्यांत पोहोचवायचा प्रकल्प उभा राहिला. त्यातून व्हिडिओलॅन जन्मलं, व्हीएलसी त्यांचाच प्लेअर. 1 फेब्रुवारी 2001 पासून त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचं मूळ लिखाण, जीपीएल या मुक्त परवान्याखाली सगळ्यांना वापरायला, बदलायला आणि वाटायला खुला झाला. नारिंगी शंकूही तिथलाच, मुलांनी रस्त्यावरचे शंकू गोळा करून ठेवले होते.

त्याच सुमारास, 2000 मध्ये, फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने एफएफएमपेग हा कोडेकांचा मुक्त संच सुरू केला. हे नाव सामान्य माणसाच्या कानावर येत नाही, पण व्हिडिओच्या जगातला निम्मा स्वयंपाक याच भांड्यात होतो. व्हीएलसीतले बरेचसे कोडेक याचेच. 2021 मध्ये नासाचा पर्सिव्हिअरन्स रोव्हर मंगळावर उतरला, त्या उतरण्याच्या चित्रीकरणाच्या यंत्रणेतही ते होतं.

एफएफएमपेगवाल्यांना जगात सापडलेला प्रत्येक फॉरमॅट चालवायची हौस आहे. ही हौस महागही पडते. फाइल कुठून आली याचा भरवसा नसतो आणि ते ज्या सी या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलंय तिच्यात मेमरीच्या हिशोबात एक चूक झाली की मुद्दाम बिघडवलेली फाइल प्लेअरलाच ताब्यात घेऊ शकते. 2025 मध्ये गूगलच्या एआयने यात एक दोष शोधला, तोही 1995 च्या एका संगणक खेळात वापरलेल्या कोडेकमध्ये! दोष खराच होता, पण ज्यांनी तो दुरुस्त करायचा ते बहुतेक जण फावल्या वेळात, बिनपगारी काम करणारे. अब्जावधींची कंपनी यंत्राने चुका शोधणार आणि दुरुस्ती स्वयंसेवकांच्या गळ्यात घालणार, यावर ते भडकले. मला त्यांचा राग रास्त वाटतो.

आता टीव्हीकडे येऊ. एच.264 हे 2003 चं प्रमाण. त्यातल्या युक्त्यांवर अनेक कंपन्यांची पेटंटं आहेत आणि त्यांच्या वतीने एकत्र वसुली करणारी संस्था असते. डॉल्बीचा परवाना वेगळा. उत्पादक नगामागे पैसे मोजतो, परवडत नसेल तर ती सोय गाळतो. आमच्या टीव्हीच्या मुकेपणामागे बहुधा हेच असावं. पण जे सॉफ्टवेअर कुणीही कितीही वेळा कॉपी करू शकतो त्याचे नग मोजायचे कसे, आणि पैसे भरायचे कुणी?

फ्रान्समध्ये बसून व्हीएलसीला यातून वाट मिळते. युरोपात निव्वळ संगणक प्रोग्रामला पेटंट मिळत नाही, आणि ते मिळण्याची दारं किलकिली करणारा प्रस्ताव युरोपीय संसदेने जुलै 2005 मध्ये 648 विरुद्ध 14 मतांनी फेटाळला. आपल्या पेटंट कायद्याचं कलम 3 (के) हेच सांगतं, मात्र त्यातल्या ‘निव्वळ’ या शब्दावर कोर्टात पुष्कळ खल होतो. अमेरिकेतलं चित्र वेगळं. तोच कोड, तेच गणित, पण विमानतळ बदलला की कायदा बदलतो.

याची सगळ्यात गमतीदार परिणती 2013 मध्ये दिसली. सिस्को कंपनीने आपला एच.264 कोडेक ओपनएच264 नावाने खुला केला आणि त्याच्या पेटंटची फी आपण भरू असं जाहीर केलं. फायरफॉक्सने तो घेतला. अट एवढीच, की तयार फाइल सिस्कोच्या सर्व्हरवरूनच उतरवायची. तोच सोर्स कोड घेऊन तुम्ही घरी कंपाइल केलात, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्राम स्वतः बनवलात, तर फीची जबाबदारी तुमची.

डीव्हीडीचं भांडण पेटंटचं नव्हे, डिस्कवरच्या चित्रपटाला घातलेल्या सांकेतिक कुलपाचं. त्या कुलपाची किल्ली फक्त 40 बिटांची, म्हणजे साधारण 1.1 लाख कोटी शक्यता, आणि रचना इतकी कच्ची की तेवढ्याही तपासाव्या लागत नाहीत. 1999 मध्ये नॉर्वेच्या यॉन लेक योहानसेन या पंधरा वर्षांच्या मुलाने हे कुलूप उघडणारा प्रोग्राम प्रसिद्ध केला. त्याच्यावर खटला झाला, 2003 मध्ये तो निर्दोष सुटला. अमेरिकेत मात्र 1998 च्या कायद्याने असं कुलूप तोडणंच बेकायदा, मग डिस्क तुम्ही विकत घेतलेली का असेना. लोकांनी तो कोड टी-शर्टवर छापला. व्हीएलसीसाठी हे कुलूप उघडणारा जोड-कोड (लायब्ररी) आजही उबुंटू या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर येत नाही, वेगळा आणावा लागतो.

स्वतःच्या परवान्याचाही फास बसतो. जानेवारी 2011 मध्ये आयफोनवरचं व्हीएलसी ॲपलने काढून टाकलं, आणि तक्रार केली होती खुद्द व्हीएलसीच्याच एका डेव्हलपरने: ॲपलच्या ॲप दुकानाच्या अटी जीपीएलच्या स्वातंत्र्याशी जुळत नाहीत म्हणून. मुद्दा बिनतोड होता. परवाना बदलायचा तर ज्याने ज्याने कोड लिहिला त्या प्रत्येकाचा होकार हवा. जुने ईमेल पत्ते बंद पडलेले, माणसं पांगलेली. ती शोधाशोध करून मुख्य भागांचा परवाना सैल केला गेला. आयफोनवर व्हीएलसी परतलं ते जुलै 2013 मध्ये.

आपल्याकडे 2022 मध्ये वेगळंच घडलं. फेब्रुवारीपासून व्हीएलसीची अधिकृत साइट भारतातून उघडेना. ना नोटीस, ना कारण. लोक मग मिळेल त्या साइटवरून ते उतरवू लागले, म्हणजे सुरक्षेच्या दृष्टीने आगीतून फुफाट्यात. व्हिडिओलॅनने इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या भारतीय संस्थेच्या मदतीने ऑक्टोबरात सरकारला कायदेशीर नोटीस पाठवली. नोव्हेंबरात बंदी उठली.

आमच्या हळदीचं पुढे असं झालं. भाचा म्हणाला, “मामा, चित्राला हात नको लावायला, फक्त आवाज बदलू.” त्याने काळ्या खिडकीत एफएफएमपेगची एक ओळ टाइप केली: चित्र जसंच्या तसं उचल, आवाज एएसी या टीव्हीला चालणाऱ्या पद्धतीत कर, नव्या डब्यात भर. चहा होईपर्यंत काम झालं. पेन ड्राइव्ह पुन्हा टीव्हीला लागला. सनईच्या आधी कॅमेऱ्यामागून थोरल्या मावशीचा करडा आवाज आला, “अरे, तो दिवा सरकव की जरा, नवरीच्या तोंडावर अंधार पडतोय.” सतरंजीवरून कुणीतरी म्हणालं, परत लाव.