रिव्हेरा आणि नववी इनिंग

22 जानेवारी 2019 ला अमेरिकी बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमचा, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मानयादीचा, निकाल लागला, तेव्हा न्यूयॉर्क यांकीजच्या मारियानो रिव्हेराच्या नावापुढे 425 पैकी 425 मतं होती. हे मतदान 1936 पासून चालू आहे. पहिल्याच वर्षी खुद्द बेब रूथला, बेसबॉलमधल्या सर्वांत मोठ्या नावाला, अकरा मतदारांनी वगळलं होतं. रिव्हेराच्या पाठोपाठ त्याचाच सहकारी डेरेक जीटर (2020) आणि इचिरो सुझुकी (2025) यांची एकमताची संधी फक्त एकेका मतानं हुकली. रूथला जमलं नाही ते जमलं एका रिलीफ पिचरला, म्हणजे सुरुवातीच्या पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) जागी मध्येच येणाऱ्याला, आणि रिलीफ पिचर म्हणजे शंभर वर्षांपूर्वी संघातला उरलासुरला माणूस.

आपल्याकडे कर्णधार गोलंदाजाला दोन षटकं टाकून बाजूला करतो आणि शेवटी पुन्हा बोलावतो. बेसबॉलमध्ये ही सोय नाही. बदलून बाहेर गेलेला पिचर त्या सामन्यात परत येत नाही. म्हणून जुना शिरस्ता असा, की ज्यानं सुरुवात केली त्यानंच सामन्याच्या नऊच्या नऊ इनिंग (एका इनिंगमध्ये दोन्ही संघ एकेकदा फलंदाजी करतात) टाकायच्या. साय यंगनं कारकिर्दीत 749 सामने असे एकहाती संपवले. मैदानाच्या कडेला बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचरच्या जागेत, बसलेले असायचे ते म्हातारे झालेले, दुखापतीतून उठलेले किंवा स्टार्टर म्हणून न चाललेले. 1920 च्या दशकात वॉशिंग्टनच्या फर्पो मारबेरीसारखा एखादा अपवाद सोडला, तर या कामासाठी म्हणून कुणाला घेतच नसत.

चित्र पालटलं ते एका पत्रकाराच्या वैतागामुळे. 1959 मध्ये पिट्सबर्गच्या एलरॉय फेस या रिलीफ पिचरच्या नावावर 18 विजय आणि 1 पराभव लागला (बेसबॉलमध्ये सामन्याचा विजय-पराभव एकेका पिचरच्या खात्यातही लिहितात). आकडा डोळे दिपवणारा. पण शिकागोचे जेरोम होल्ट्झमन सामने बघत होते. त्यांच्या लक्षात आलं, की कित्येकदा फेस आघाडी स्वतःच घालवतो, मग त्याचे फलंदाज ती परत मिळवून देतात आणि विजय मात्र फेसच्या खात्यात जमा होतो. यावर होल्ट्झमन यांनी ‘सेव्ह’ हा नवा हिशेब काढला: हाती आलेली निसटती आघाडी शेवटपर्यंत टिकवली तर एक सेव्ह. 1969 पासून तो अधिकृत झाला.

पुढची गंमत अशी, की आधी हिशेब आला आणि मग त्या हिशेबाबरहुकूम काम घडत गेलं. सत्तरच्या दशकात रॉली फिंगर्स, गूस गॉसेज यांच्यासारखे पिचर गरज पडेल तेव्हा सातव्या-आठव्या इनिंगला येऊन दोन-तीन इनिंग ओढायचे. 1988 च्या सुमारास ओकलंडचे व्यवस्थापक टोनी ला रुसा यांनी डेनिस एकर्सलीला जवळपास फक्त नवव्या इनिंगसाठी राखून ठेवलं आणि आजचा ‘क्लोजर’ तयार झाला. मला ही विभागणी कधीच पूर्ण पटलेली नाही. खरी आग सातव्या इनिंगला लागलेली असते, बेस (धाव पुरी करण्याच्या वाटेवरचे तीन थांबे) भरलेले असतात, आणि संघाचा सर्वांत भरवशाचा हात बुलपेनमध्ये नवव्या इनिंगची वाट बघत बसलेला असतो. पण रिव्हेराला नववी इनिंग टाकताना पाहिलं की हा आक्षेप तेवढ्यापुरता विसरायला होतो.

पनामातलं पुएर्तो कायमितो हे मच्छीमारांचं गाव. रिव्हेराचे वडील मासेमारी बोटीचे कप्तान, आणि मुलगाही बोटीवर राबलेला. पोरांचे ग्लोव्ह दुधाच्या खोक्यांच्या पुठ्ठ्याचे. स्थानिक संघात तो शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक, होता. पिचरची अडचण झाली तेव्हा ‘मी टाकतो’ म्हणून उभा राहिला. 1990 मध्ये न्यूयॉर्क यांकीजनं त्याला दोन-अडीच हजार डॉलरवर करारबद्ध केलं. 1992 मध्ये कोपरावर शस्त्रक्रिया झाली. मे 1995 मध्ये मुख्य संघात तो आला तो स्टार्टर म्हणून, आणि पहिलाच सामना संघानं 10-0 नं हरला. त्याच्या 1,115 सामन्यांपैकी सुरुवातीचा पिचर म्हणून आलेले सामने फक्त दहा, सगळे त्या एका वर्षातले. म्हणजे तोही आधी ‘न चाललेला स्टार्टर’च.

1996 मध्ये तेव्हाचा क्लोजर जॉन वेटलँड याच्या आधीच्या इनिंग त्यानं सांभाळल्या, 1997 मध्ये वेटलँड गेल्यावर नववी त्याच्याकडे आली. त्याच जूनमध्ये डेट्रॉइटला रमिरो मेंडोझाबरोबर नुसती फेकाफेकी चालली असताना चेंडू शेवटच्या क्षणी वळू लागला. मेंडोझाला झेलता येईना, रिव्हेराला कारण सांगता येईना. पकड तर नेहमीचीच. पिचिंग कोच मेल स्टॉटलमायर आणि तो, दोघं काही आठवडे हे वळण घालवायच्या मागे होते. जाईना, तेव्हा नाद सोडला. हाच तो कटर. डावखुऱ्या बॅटरला तो आधी सरळ दिसे, मग अंगात शिरे आणि बॅटच्या जाड भागाऐवजी मुठीजवळच्या बारीक दांड्यावर आदळे. दांडा तुटे. इतक्या बॅटा मोडल्या, की 2013 मध्ये मिनेसोटा ट्विन्सनं त्याला निरोपाची भेट म्हणून मोडक्या बॅटांपासून बनवलेली झुलती खुर्ची दिली. पुढची सोळा-सतरा वर्षं जवळपास हा एकच चेंडू, आणि समोरच्याला तो येणार हे ठाऊक.

एकूण सेव्ह 652; ट्रेव्हर हॉफमनचा 601 चा विक्रम त्यानं सप्टेंबर 2011 मध्ये मोडला. वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाचं अंतिम विजेतेपद, पाच वेळा. प्लेऑफच्या (मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांच्या) 141 इनिंगमध्ये दिलेल्या धावांची सरासरी दर नऊ इनिंगमागे 0.70.

तरी क्लोजरची आठवण राहते ती हुकलेल्या सामन्यांनी. 4 नोव्हेंबर 2001, ॲरिझोनाविरुद्ध वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना, नवव्या इनिंगला 2-1 आघाडी. बरोबरी झाली, बेस भरले, आणि ॲरिझोनाच्या लुइस गोन्झालेझनं कटर कसाबसा क्षेत्ररक्षक जीटरच्या डोक्यावरून मारला. सिरीज गेली. जिंकले असते तर विजयाची मिरवणूक निघाली असती आणि सहकारी एन्रिके विल्सन त्यानंतर 12 नोव्हेंबरच्या विमानानं मायदेशी गेला असता. ते विमान न्यूयॉर्कहून उडताच कोसळलं. हरल्यामुळे तो आधीच निघून गेला होता. आपण हरलो याचं बरं वाटतं, असं रिव्हेरानं पुढे बोलून दाखवलं.

मे 2012 मध्ये कॅन्सस सिटीला सरावात झेल घेताना गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. वय बेचाळीस. असं जायचं नाही म्हणून तो परतला आणि 2013 मध्ये 44 सेव्ह केले. 26 सप्टेंबरला घरच्या मैदानावर शेवटचा सामना. आठव्या इनिंगला आला, ओळीनं चार बॅटर बाद केले. मग त्याला बदलून बाहेर न्यायला नेहमीसारखे व्यवस्थापक आले नाहीत. आले जुने सोबती जीटर आणि अँडी पेटिट. रिव्हेरा पेटिटच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. टँपा बेनं तो सामना 4-0 नं जिंकला, त्यामुळे त्या दिवशी सेव्ह मिळण्याचा प्रश्नच नव्हता. सगळे आत गेल्यावर तो एकटा पुन्हा माउंडवर, पिचरच्या उंचवट्यावर, आला, वाकला आणि मूठभर माती उचलून घेऊन गेला.